कानबाईच्या दिवशीचा रिकामा फलाट

६-१-९१, रविवार
आज पहिल्यांदा डिझेल आलं. भोंगा कसला तो, म्हैस रेकते तसला. कोळशाचं इंजिन गेलं ते गेलंच. नवा ड्रायव्हर खाली उतरलासुद्धा नाही. जुना भिकूतात्या रोज विचारायचा, "मास्तर, चहा पाजता का?" मी काही खरा स्टेशनमास्तर नव्हे. हॉल्टवर कमिशनने तिकिटं विकणारा माणूस. पण चिंचखेड्यात मला मास्तरच म्हणतात, आणि घरात नाना.

फोटो काढायचा राहिला. रोल नव्हता. स्वतःवरच चिडलो.

२०-१-९१, रविवार
सुदाम आला होता. चुलतभाऊ, दोन वर्षांनी लहान. एका ताटात जेवून वाढलो. म्हणाला, लहान हॉल्ट बंद करणार आहेत, धुळ्यात बोलणं ऐकलं. ज्या हॉल्टला माणूस चढत-उतरत नाही तिथं डिझेल कशाला थांबवायचं, असं साहेबांचं म्हणणं.

निम्मं गाव तिकीट न काढता बसतं. मीच ओरडतो, मीच सोडून देतो. आता भोगा.

सुदाम म्हणाला, आपण अर्ज करू, सह्या तो गोळा करील, साहेबाला भेटेल. माझ्यापेक्षा बोलण्यात हुशार आहेच तो. बरं वाटलं.

९-२-९१, शनिवार
फोटोंची पेटी काढली. आबांचा, म्हणजे वडिलांचा, डबा कॅमेरा माझ्याकडे आला तेव्हापासूनचे. हिने (मंदाने) धूळ पुसली आणि लगेच, "हे घे, ह्यात मी किती बारीक होते बघ" सुरू.

आबा आणि सुदामचे वडील काका, दोघं डोक्यावर मुरमाची घमेली घेऊन. हा फलाट गावाने अंगमेहनतीने भरला. काकांचं धोतर गुडघ्याच्या वर आणि हसू कानापर्यंत. भिकूतात्या इंजिनातून गरम पाणी काढून बायकांना देतोय, चहासाठी. आणि आखाजीचे, म्हणजे अक्षय्यतृतीयेचे फोटो, वर्षा-वर्षाचे. माहेरवाशिणी उतरताहेत, ट्रंका, पोरं, एकीची चप्पल रुळात पडलेली. माझी थोरली बहीण अक्का प्रत्येक फोटोत. पहिल्यात नवी नवरी, शेवटच्यात काठी.

हॉल्ट बंद झाला तर अक्का कशी येणार? मोटारस्टँड इथून दोन कोस, त्यात तिचे गुडघे. गाडीचं दार मात्र फलाटाला लागतं. तिचं माहेर म्हणजे हा फलाट आहे, दुसरं काय.

१२-२-९१, मंगळवार
सुदाम फोटो न्यायला आला. "बठ्ठा फोटो दे, नाना. साहेबले दखाडसूत. गर्दी दखी ना, तोंड बंद व्हई त्याचं."

सगळे मागितले, आणि सगळे पाहिले त्याने. काकांचा फोटो बाहीने पुसून परत पेटीत ठेवला. मग एका फोटोवर थांबला. "हाऊ फोटो कधना शे?"

मागच्या वर्षीच्या कानबाईचा. श्रावणातला रोटांचा रविवार, देवी मांडून जाड पोळ्यांचा नैवेद्य दाखवतात तो. त्या दिवशी भाऊबंदकी सगळी एका घरात असते, कुणी गाव सोडत नाही, बाहेरून यायचे ते शनिवारीच आलेले असतात. फलाटावर चिटपाखरू नव्हतं. नुकती सर येऊन गेलेली, रूळ ओले, बाकाखाली एक कुत्रं झोपलेलं, लांब सिग्नल. मला तो माझा सगळ्यात चांगला फोटो वाटतो. कुणाला बोललो नव्हतो.

सुदाम म्हणाला, "कोणीच नही यामा, तरी भारी उना रे! तू ते खरा फोटोग्राफर शेस. हाऊ मोठा करी आनसू तुनासाठे." खिशात वेगळा ठेवला. बाकीच्यांची पेटी मी सुतळीने बांधून दिली.

रात्रभर खूश. पन्नाशीच्या माणसाने कौतुकाने इतकं फुगू नये.

१७-३-९१, रविवार, पाडवा
सुदामने जीप आणली! कुणाला पत्ता लागू दिला नाही. झेंडूच्या माळा, बोनेटवर नारळ. चिंचखेडे ते धुळे, दिवसातून चार खेपा. मला पेढा भरवला.

"आणि हॉल्टचं?" विचारलं. "चालू शे ना अर्ज. तू चिंता करू नको."

हिने घरी येऊन एवढंच म्हटलं, "जीप घेतलेला माणूस गाडी वाचवायला पळेल का हो?" मी खेकसलो तिच्यावर. सुदामबद्दल असं बोलायचं नाही म्हणालो.

१६-५-९१, गुरुवार, आखाजी
अक्का आली! ११ च्या गाडीने. चाळीसगावहून बसून आली, गार्डने हात दिला. तिच्याबरोबर सतरा माहेरवाशिणी उतरल्या. डिझेल आता जेमतेम थांबतं, शेवटची बाई उतरते न उतरते तोच हललं. मी हिरवा झेंडा दाबून धरला होता म्हणून बरं. ड्रायव्हरने शिव्या दिल्या, मीही दिल्या.

फोटो काढला. अक्का म्हणाली, "कितला फोटो काढस रे, माले मरू तरी दे."

दुपारी झोक्यावर बसली, गाणी झाली. मग बंद होण्याचं कुणीतरी बोललं. तिचा चेहरा पडला. "नाना, गाडी बंद व्हयनी ते मी माहेरले कशी येसू रे?" मी म्हणालो, बंद होत नाही, सुदाम बघतोय. सुदाम शेजारीच बसला होता, आमरस खात. मान हलवली त्याने. हलवली. मी बघितली.

२६-६-९१, बुधवार


तपासणीला साहेब आला. उत्तरेकडचा, माणूस वाईट नाही. खुर्चीत बसून फाईल उघडली. आत गावकऱ्यांचा अर्ज. मी मान लांब करून वाचला. हॉल्ट चालू ठेवा असं त्यात कुठेच नव्हतं. गावाला सोयीची जीप झालेली आहे, गाडीचा उपयोग उरला नाही, जीपला परमिट मिळावं. खाली सह्या. पहिली सुदामची. खाली भाऊबंदांपैकी अकरा जणांच्या. माझ्या सख्ख्या पुतण्याचीसुद्धा.

आणि कागदाला डकवलेला माझा फोटो. ओले रूळ, कुत्रं, रिकामा बाक.

साहेब म्हणाला, "मास्टर, ये है आपकी भीड़? कुत्ता भी उतरा नहीं, सो रहा है." सोबतचा कारकून हसला.

मी म्हणालो, हा कानबाईचा दिवस आहे. "कौन बाई?" सांगू लागलो, नारळाची देवी, रोट, भाऊबंदकी, त्या दिवशी कुणी प्रवास करत नाही... माझंच मला ऐकू येत होतं, कसं बावळटासारखं. म्हणालो, फोटो उलटा करा, मागे माझ्या अक्षरात लिहिलंय, कानबाई, २९-७-९०. खळीने चिकटवलेला. मी नखाने कोपरा सोडवायला गेलो तर कारकुनाने हात धरला. सरकारी कागद.

साहेब उठताना म्हणाला, "हर हफ्ते कोई त्योहार होगा आपके यहाँ."

बाकीचे फोटो? आखाजीचे? भिकूतात्याचा, काकांचा? फाईलमध्ये एकही नाही.

२७-६-९१, गुरुवार
सुदामकडे गेलो. तो धुळ्याला. त्याच्या बायकोने माळ्यावरून पेटी काढून दिली. सुतळीची गाठ माझीच, मी मारली तशी. उघडलीच नाही कुणी. चार महिने माळ्यावर.

माझी बुद्धी शेण खायला गेली होती. त्याने कौतुक केलं आणि मी फोटो दिला काढून. गळा कापायला सुरी मीच धार लावून दिली.

४-७-९१, गुरुवार
सुदाम शेवटी सापडला, जीपखाली झोपून नट आवळत होता. मी म्हणालो, बाहेर ये. आला. तेलाचे हात.

तुला ठाऊक होतं तो दिवस कोणता, म्हणालो. त्या दिवशी कानबाईच्या पाटाशी तूच बसला होतास.

"फोटो खोटा शे का? सांग. तूच काढेल शे ना?"

खोटा नाही.

मग म्हणाला, "आज ना उद्या गाडी बंद व्हनारच व्हती, नाना. मी नही लिहितू ते दुसरा लिहिता. माले पोरं शेतस." आणि नजर खाली. शरम होती का? मला वाटतं होती. ती असून केलं, ह्याचाच राग जास्त येतो.

मी एवढंच म्हणालो, काकांनी ह्या फलाटावर मुरूम टाकला होता. तो जीपखाली परत गेला.

२-८-९१, शुक्रवार
हुकूम आला. १ सप्टेंबरपासून गाडी चिंचखेड्याला थांबणार नाही. कुणाला काही म्हणणं असेल तर लेखी, पुराव्यासह, २० ऑगस्टपर्यंत चाळीसगावला पोचलं पाहिजे.

पुरावा! आखाजीचे फोटो पाठवू? साहेब म्हणेल, ही तर सणाची गर्दी. म्हणजे गर्दी सणाची आणि रिकामं रोजचं. ह्या माणसाला काय दाखवायचं.

११-८-९१, रविवार
सापडलं!!

हिने सुचवलं. फोटो गेला तर काच, म्हणजे ती काळी पट्टी, असेल ना? स्टुडिओवाला तीन-तीन निगेटिव्हची पट्टी कापून देतो. बिस्किटाच्या डब्यात होत्या. खिडकीला धरून एकेक बघितली.

एकाच पट्टीवर, सलग: पहिला, रिकामा फलाट. दुसरा, कानबाई मांडलेली, नारळाला डोळे, नथ, शालू. आणि पाटाशी नवी टोपी घालून, रोटांचं ताट दोन्ही हातांत धरून सुदाम. तिसरा हललेला. मधे कुठे कापलेलं नाही. साहेबाला आता कळेल की दोन्ही एका दिवसाचे आणि अर्ज करणाऱ्यालाच ते माहीत होतं.

मी नाचायचा बाकी होतो. ही खाली बसली. म्हणाली, "घरातला माणूस साहेबापुढे उघडा पाडणार तुम्ही? खोटा अर्ज म्हणून काही झालं त्याला तर?"

मी म्हणालो, त्याने माझं काय केलं? ती म्हणाली, "मी कुठं म्हणते त्याने चांगलं केलं."

पाकीट तयार. पत्ता घातला, पट्टी घातली. डिंक लावला नाही अजून.

१७-८-९१, शनिवार
उद्या कानबाई. ह्या वर्षी मांडणी सुदामकडे. मी जाणार नाही, ठरवलंय.

अक्काला आणायला ११ च्या गाडीवर उभा राहिलो. उतरलीच नाही. जीव घाबरा झाला. घरी आलो तर अक्का ओट्यावर बसून पाय चोळतेय, हसतेय. सुदाम पहाटे जीप घेऊन थेट तिच्या सासरी गेला होता.

"दारपावत आनी सोडं माले. पाय बी नही दुखनात. सुदाम चांगला शे रे." मग माझ्याकडे बघून, "आन तू तोंड फुगाडीसन काब्र बठना?"

तिला काही माहीत नाही. सांगू? जीप तिला आज आणील. पुढच्या आखाजीला आणील? खेप सोडून? मला नाही वाटत. पण आज तिचे पाय दुखले नाहीत, हे खरंच आहे. च्यायला, हे त्याने मुद्दाम केलं की प्रेमाने, तेही कळत नाही आता.

१८-८-९१, रविवार, कानबाई
हॉल्टवरच बसलो दिवसभर. एक तिकीट विकलं नाही. मागच्या वर्षीसारखाच फलाट, कुत्रंही तेच. कॅमेऱ्यात एक फोटो शिल्लक. खिशात पाकीट.

दुपारी नैवेद्याच्या वेळी सुदाम आला, पायी, नवी टोपी. बोलावणं करायला. रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला देता येत नाहीत, एक माणूस कमी तर वाटा तसाच राहतो. "चाल नाना. रोट झाकी ठेयेल शेतस. अक्का तुनाबिगर जेवत नही."

मी कॅमेरा उचलला. म्हणालो, उभा राहा तिथं, बाकाजवळ. सवयीने उभा राहिला, टोपी सारखी केली, हसलासुद्धा, काकांसारखं. मग त्याच्या लक्षात आलं, मागे रिकामा फलाट आहे. हात तोंडापुढे घेतला. "नको ना रे."

बटण दाबलं. हात आला का चेहरा, धुतल्यावर कळेल.

तो बाकावर बसला. मी दुसऱ्या टोकाला. ४-१० आली, थांबली. कुणी उतरलं नाही. गार्ड ओळखीचा, खिडकीतून हात काढून म्हणाला, "मास्तर, चाळीसगावचं काही द्यायचंय?" पाकीट माझ्या हातात. सुदामने पत्ता वाचला. त्याला अक्षर ओळखू येतं माझं. मान खाली घातली आणि गुडघ्यावरचा हात घट्ट धरून बसला.

गार्डला म्हणालो, उद्या देतो. उद्या १९. परवा मुदत संपते.

गाडी गेली. सुदाम म्हणाला, "येस ना?" मी म्हणालो, तू हो पुढे. तो गेला, फलाटाच्या टोकाला थांबून एकदा मागे बघितलं.

पाच वाजलेत. पाकिटाला डिंक लावला. अक्का अजून जेवलेली नाही.