टाकी क्रमांक दोन रिकामी नसल्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
जैवखनन प्रयोग योजना,
मुख्य कार्यालय, पुणे.

अर्जदार : जयमाला भागोजी गमरे, प्रयोगशाळा परिचर, प्रयोग केंद्र, बोर्ली पंचतन, ता. श्रीवर्धन, जि. रायगड.

विषय : लिलावाच्या यादीत दुरुस्ती करून टाकीतील सूक्ष्मजीव ताब्यात घेणेबाबत.
संदर्भ : लिलावाची यादी, दि. ३ फेब्रुवारी २०२५.

महोदय,

१. सदर केंद्रात तांब्याचे खनिज दळून दोन टाक्यांतील आम्लाच्या गरम पाण्यात ठेवले जाई. उष्णता मानवणारे सूक्ष्मजीव त्यातून तांबे सोडवीत व पाणी निळे होई. अर्जदार सात वर्षे या टाक्या सांभाळत आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र बंद झाले. शास्त्रज्ञ प्रांजली मॅडम बदलीवर निघताना म्हणाल्या, "जयमालाताई, कोणी न्यायला येईपर्यंत पाणी सत्तर अंशांखाली जाऊ देऊ नका. गार झाले की मरतील." कोणी आले नाही.

२. तेव्हापासून अर्जदार रोज एकटी येऊन खनिजाची पूड घालते, आटलेले पाणी भरते व एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहते. ठिपके हलताना दिसले की बरे वाटते. बोलण्यास कोणी नसल्याने अर्जदार तापमान मोठ्याने वाचते, हेही प्रामाणिकपणे नमूद करीत आहे.

३. गेल्या जुलैत वादळाने तीन दिवस वीज गेली. अर्जदाराने चुलीवर पाणी तापवून टाक्यांच्या दुहेरी भिंतींत ओतले. दोन्ही टाक्यांना एकटीचे हात पुरेनात, म्हणून दुसऱ्या दिवशी टाकी क्रमांक एक सोडून द्यावी लागली. हा निर्णय कोणास न विचारता घेतला, कारण विचारण्यास कोणी नव्हते. खुलासा मागितल्यास सादर करण्यात येईल.

४. आता यादीत "टाक्या दोन, रिकाम्या" असे लिहिले आहे. दूरध्वनी केला असता आपले लिपिक म्हणाले, "बाई, ते केंद्र बंद आहे. तिथे कोणी नाही." अर्जदार म्हणाली, "मी हाय ना." त्यावर फोन ठेवण्यात आला.

५. टाकी क्रमांक दोनमध्ये आज सकाळीही जीव होते. दि. २४ रोजी लिलावानंतर ती ओतून धुतली जाईल. तत्पूर्वी, दि. २० रोजी, अर्जदार काचेच्या थर्मासमध्ये नमुना भरून एसटीने पुण्यास येत आहे. पोच नको, आभारही नकोत. थर्मास हातात घेण्यास कार्यालयात कोणीतरी असावे, एवढीच विनंती.

सोबत : तापमानाच्या रोजच्या नोंदी.

उत्तराच्या प्रतीक्षेत, आपली विश्वासू,
जयमाला भागोजी गमरे
दि. ११ फेब्रुवारी २०२५