विरेशला कळवायला पाहिजे

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

बाळीवेस, सोलापूर
सोमवार, ५ जानेवारी २०२६

चि. विरेश यास,
दाक्षायणी वैनीकडून शरणार्थी आणि आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस. वाईट बातमी द्यायला लिहीत नाही. म्हणजे एक आहे, पण ती पुढं सांगते. तुझा पत्ता अव्वानं, तुझ्या आईनंच दिला. विजापुरात इलेक्ट्रिकच्या दुकानात कामाला आहेस, दुकानाच्या मागंच खोली आहे आणि हातानं करून खातोस, एवढं तिच्याकडून कळलं. खांदा आता पूर्ण वर जातो का? थंडीत दुखत असेल. शेकत जा.

इकडची हकीकत अशी. तुझे अण्णा शाळेत जातात. येत्या मे महिन्यात रिटायर होतील. मध्यंतरी शुगर फार वाढली होती, आता गोळ्यांवर ताब्यात आहे. माझं शिलाईचं काम मी पाच महिने बंदच ठेवलं होतं. यशोदाबाई रोज यायची, एकटीच मशीनवर बसायची आणि संध्याकाळी मशीन झाकून जायची. जूनमध्ये शाळेच्या गणवेशांची मोठी ऑर्डर आली आणि बसावंच लागलं. मुलींचे फ्रॉक कापायला घेतले की माझी कात्री थांबायची. मग यशोदाबाई ते गठ्ठे स्वतःकडं ओढायची आणि मुलांच्या चड्ड्या माझ्याकडं सरकवायची. ऑगस्टपासून मी सगळं शिवते.

आणि तुला खरं वाटणार नाही, यंदा आम्ही लई फिरलो. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, इतक्या वर्षांत तुझ्या अण्णांनी मला गाणगापूरच्या पुढं नेलं नव्हतं. मार्चपासून त्यांनी प्रवास धरला. शनिवारी शाळा सुटली की घरी येऊन म्हणायचे, "पिशवी भर." कुठं ते स्टँडवर गेल्यावर ठरायचं. नळदुर्ग झालं, बदामी झालं, कूडलसंगम झालं. श्रावणात श्रीशैलला जाऊन आलो. एसटीत मला खिडकीची जागा द्यायचे आणि सगळी वाट समोर बघत बसायचे. लोकांना वाटायचं, काय हौशी जोडपं आहे. खरं तर रविवार घरात काढता येत नव्हता, एवढंच.

श्रीशैलला पाताळगंगेच्या पायऱ्या उतरताना एका बाईनं मला विचारलं, "लेकरं किती तुम्हाला?" मी काही बोलायच्या आधीच हे म्हणाले, "एक मुलगी आहे, पुण्याला शिकायला असते." ती बाई पुढं गेली. आम्ही तिथंच पायरीवर बसलो. खाली नदीपर्यंत गेलोच नाही.

पुण्याला एकदाच गेलो, एप्रिलमध्ये, काव्याची हॉस्टेलची खोली रिकामी करायला. रेल्वेनं गेलो आणि रेल्वेनं आलो. हायवेनं यायचं नाही, हे दोघांनी न बोलता ठरवलं होतं. तिच्या खोलीतली मैत्रीण आम्हाला बघून इतकी रडली की शेवटी हेच तिची समजूत घालत बसले. दोन बॅगा निघाल्या. एकीत नुसती फार्मसीची पुस्तकं.

बुंदीला पिल्लं झाली. तीन. तुला आठवतं ना, काव्या गेली तेव्हा मांजर अजून लहानच होती. जुलैमध्ये ती काव्याच्या कपाटात, खालच्या कप्प्यात, तिच्या ओढण्यांवर जाऊन व्याली. कपाट तसंच उघडं ठेवलं दीड महिना. ओढण्या खराब झाल्या, पण त्या मी काही हलवल्या नाहीत. दोन पिल्लं लोकांना दिली. एक आहे, ते ह्यांच्या मांडीवर बसून पेपर ओरबाडतं.

आता टिप्याचं सांगते.

तू गेल्यावर तुझा टिप्या तुझ्या खोलीच्या जिन्यावरच बसून असायचा. पहिले तीन महिने हे त्याच्याकडं बघत नसत. मी भाकरी टाकायची तर म्हणायचे, "ज्याचं कुत्रं त्यानं न्यावं." मग एप्रिलमध्ये पुण्याहून आलो त्या दिवशी टिप्या जिना उतरून आला आणि काव्याच्या बॅगांना नाक लावून बसला. उठवलं तरी उठेना. त्या दिवशी ह्यांनी पहिल्यांदा त्याला हातानं दूध-भाकरी घातली. नंतर ते दोघं सकाळी सिद्धेश्वर तळ्यापर्यंत फिरायला जाऊ लागले. आम्ही बाहेरगावी गेलो की यशोदाबाई त्याला बघायची. पण वय झालं होतं रे त्याचं. मागचे पाय ओढायला लागला. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, पण नोव्हेंबरच्या सोळाला, रविवारी सकाळी, तो गेला. ह्यांनी त्याला तुझ्या जुन्या चादरीत गुंडाळून नेलं. सगळं उरकून घरी आले, हातपाय धुतले आणि म्हणाले, "विरेशला कळवायला पाहिजे."

दहा महिन्यांत तुझं नाव त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून निघालं.

दिवाळीचं राहिलंच, ते आधी सांगायला हवं होतं. अक्कलकोटला अव्वाकडं चार दिवस राहिलो. अव्वा थकली आहे, पण आवाज तसाच. शेजारणीनं विचारलं, "पोरं आली का दिवाळीला?" तर सगळ्यांसमोर म्हणाली, "मला दोन पोरं हायत. एक दिवाळीला येतो, दुसरा दिवाळी झाल्यावर येतो." हे मान खाली घालून फराळ करत राहिले. आम्ही निघालो त्याच्या दुसऱ्या दिवशी तू येऊन गेलास, हे मला नंतर कळलं.

तर टिप्या गेला त्या दिवशी हे म्हणाले, "तूच फोन कर. तुझं तो ऐकायचा."

मी म्हणाले, "मला नाही जमायचं."

"का?"

मी स्वयंपाकघरात निघून गेले. त्यांना वाटलं, कुत्र्यासाठी रडते आहे.

विरेश, आता जे लिहायचं तेच लिहायला बसले होते. तीन पानं इकडचं तिकडचं लिहीत आले.

मागच्या भोगीला तू तुझा इलेक्ट्रिकचा माल घ्यायला पुण्याला गेला होतास आणि सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा बघायला काव्याला गाडीतून घेऊन येत होतास. टेंभुर्णीहून तूच कळवलं होतंस, दीड तासात पोचतो म्हणून. दिवेलागणीला मी वाणाची तयारी करत होते. सकाळी आणलेली बोरं किडकी निघाली. काव्याला फोन लावला तर तिचा बंद. मग तुला लावला. तू गाडी चालवतोयस हे मला पक्कं माहीत होतं. तू कट केलास. माणूस तिथं थांबतो. मी परत लावला. तू उचललास आणि म्हणालास, "वैनी, गाडी चालवतोय की. थांब, काव्याकडं देतो." मग तिचा आवाज आला, "आई, बोल ना." मी म्हणाले, "मोडनिंबला गाड्यावर बोरं मिळाली तर..." एवढंच. पुढं जो आवाज आला तो मी अजून ऐकते.

रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती, मागं दिवा नाही, काही नाही, हे मला नंतर कळलं. पण तेव्हाच मला कळायचं ते कळलं होतं. दवाखान्याच्या बाकावर बसून मी मोबाइल काढला आणि तुझ्या नावापुढची त्या कॉलची नोंद पुसून टाकली. काव्या आत होती, ती गेली आहे हे आम्हाला अजून कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी ते करत होते. का केलं, ते मला आजही सांगता येत नाही. भीती म्हण.

पाचव्या दिवशी तू आलास. हात गळ्यात बांधलेला. घर माणसांनी भरलेलं. ह्यांनी तुला उंबऱ्यातच अडवून विचारलं, "पोलीस म्हणतात तुझ्या हातात फोन होता. कोणाशी बोलत होतास?" मी दाराला टेकून उभी होते. तू माझ्याकडं बघितलंस. एकदाच. आणि म्हणालास, "एका मित्राशी." ह्यांनी तुला जे बोलायचं नाही ते सगळं बोलून घेतलं, परत या दारात पाऊल टाकायचं नाही म्हणाले, आणि कडी लावली. मी तिथंच उभी होते, विरेश. दोन पावलं पुढं यायचं होतं. आले नाही.

आठ वर्षांचा होतास तू, मी या घरात आले तेव्हा. शाळेत जाताना भांग मी पाडायची. अव्वा म्हणायची, दाक्षायणीला लेक व्हायच्या आधीच मुलगा मिळाला. त्या मुलाला मी दाराबाहेर काढू दिलं.

तुला फोन का केला नाही, असं तुला वाटलं असेल. माझ्याच्यानं तुझ्या नावावर बोट ठेववत नाही. म्हणून हे पत्र.

ह्यांना मी सांगितलं. टिप्या गेल्यावर पंधरा दिवस हे रोज विचारायचे, "कळवलंस का?" शेवटी एक डिसेंबरला, शाळेतून आल्यावर चहा देता देता म्हणाले, "एवढं काय अवघड आहे? तो तुला काय खाणार आहे?" मी चहा खाली ठेवला आणि उभ्या उभ्याच सांगितलं. जसं वर लिहिलं तसंच. पुसलेल्या नोंदीसकट.

त्यांचा चहा तसाच राहिला. उठले, चपला घातल्या आणि गेले. रात्रीच्या जेवणाला आले नाहीत. यशोदाबाईच्या फोनवर निरोप आला की अक्कलकोटला आहे. चार दिवस तिकडंच राहिले. मी रोज दोघांचा स्वयंपाक केला. परत येणार नाहीत, अशीच मनाची तयारी करत होते. आणि आले नसते तर मी त्यांना बोल लावला नसता.

पाचव्या दिवशी दुपारी आले. दाढी वाढलेली. पाटावर बसले, म्हणाले, "वाढ." जेवण झाल्यावर बोलले.

"अव्वाला सगळं सांगितलं."

"काय म्हणाली?"

"आधी मला मारलं. खरंच मारलं, पाठीत. म्हणाली, पोरगी देवानं नेली, भाऊ तू घालवलास, आता बायको पण घालवून येतोस काय?" मग म्हणाले, "चार दिवस तुझ्यावर राग धरायचा प्रयत्न केला, दाक्षा. येतो राग. अजून आहे. पण फोन केलास तेव्हा तुझ्या डोक्यात सणाचीच घाई होती. मी मात्र त्याला बाहेर काढलं ते शुद्धीवर राहून. तो खांदा मोडून माझ्या दारात उभा होता."

ते रडले. काव्या गेली तेव्हाही मी त्यांना असं रडताना बघितलं नव्हतं.

आमच्यात सगळं नीट झालं असं लिहिणार नाही. कधी कधी जेवताना माझ्याकडं बघतात आणि नजर काढून घेतात. तेव्हापासून महिनाभर आम्ही कुठंही गेलो नाही, रविवारही घरातच काढले. एकमेकांसमोर बसून. ते बाहेरगावी जाण्यापेक्षा अवघड होतं.

पुढच्या मंगळवारी, तेरा तारखेला, काव्याला जाऊन वर्ष होईल. विधीसाठी जंगमस्वामींना सांगितलं आहे. तुला दारातून परत पाठवलं तेव्हा जी माणसं घरात होती ती सगळी येतील. त्यांच्यासमोर मी उभी राहून सांगणार आहे की फोन माझा होता, दुसऱ्यांदा लावलेला, आणि विरेशनं माझं नाव घेतलं नाही. तू आलास तरी सांगणार आणि नाही आलास तरी. तुझ्यावरच्या अपघाताच्या केसमध्येही जबाब द्यायची माझी तयारी आहे, वकिलांना तसं सांगून ठेवलं आहे. ते म्हणाले, त्यानं तुझी सुटका होईलच असं नाही. नसेना. खरं ते कागदावर येऊ दे.

हे येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं तुझ्याकडं यायला निघतील. घेऊनच येतो, असं काही ते म्हणालेले नाहीत आणि मीही त्यांना तसं सांगितलेलं नाही. त्यांना पटकन बोलता येणार नाही, तुला माहीत आहे त्यांचा स्वभाव. त्यांना बसू दे. तुला जे बोलायचं असेल ते बोल, मोठा भाऊ म्हणून गिळू नकोस. माझ्याबद्दल बोलायचं असेल तर तेही त्यांच्यापाशी बोल.

मी माफी मागत नाही. ती मागायची तर तुझ्यासमोर उभी राहून मागेन, कागदावर नाही. एवढंच सांगते की वर्षभर माझ्या वाटचं तू सोसलंस. आता ते सोड. ते माझं आहे, मला सोसू दे.

तू अजून म्हणत असशील तर, तुझी वैनी,

दाक्षायणी