फलकावरची अकरावी ओळ

अण्णा,

तुम्ही रंगवलेला नगराध्यक्षांचा फलक गेल्या आठवड्यात भिंतीवरून उतरवला. आपल्या गावच्या नगरपालिकेची नवी इमारत झाली आणि नव्या फलकाचं काम फिरत फिरत माझ्याच दुकानात आलं. अक्कलकोट रोड एमआयडीसीजवळ माझं दुकान आहे. तुम्ही गेल्यावर घेतलं. ब्रश नाही, मशीन अक्षरं कापतं. तुम्ही नाक मुरडलं असतंत, मला माहीत आहे.

जुना फलक टेबलावर आडवा ठेवून मी वरपासून वाचत आले. पहिले वकील. यांच्यामुळे गावात नळ आला, असं तुम्ही सांगायचात. मग अडतव्यापारी, लागोपाठ दोनदा. मग भर सभेत नगरसेवकांची नाडी बघणारे डॉक्टर. मध्ये प्रशासकाचा काळ, तो तुम्ही मुद्दाम बारीक अक्षरांत उरकलेला. नवा अध्यक्ष खुर्चीत बसला की दुसऱ्या दिवशी डबा-ब्रश घेऊन तुम्ही जायचात, नाव लिहायचात, ‘पासून’ची तारीख घालायचात आणि ‘पर्यंत’चा रकाना मोकळा सोडायचात. एका अध्यक्षांनी चेष्टेनं म्हटलं होतं, आमचा रकाना रंगवून बंदच करून टाका की. तुम्ही म्हणालात, “सायेब, मोकळाच बरा हाय. खुर्चीवरनं उटायचं हाय, ही ध्यानात ऱ्हातंय.” ही गोष्ट तुम्ही भाकरी मोडता मोडता इतक्यांदा सांगितलीत, की आई पुढचं वाक्य आधीच म्हणून टाकायची.

अकराव्या ओळीशी मात्र मी थांबले. आपल्या गावच्या पहिल्या बाई अध्यक्षांची ती ओळ. तारखा त्यांच्या, नाव त्यांच्या मालकांचं. जागा राखीव झाली म्हणून बाई उभ्या राहिल्या, निवडून आल्या. पण हार मालकांच्या गळ्यात पडायचे आणि सारा गाव त्यांनाच अध्यक्ष म्हणायचा. मी तेव्हा कॉलेजात होते. सुट्टीत गावी आले, फलक वाचला आणि तशीच स्वयंपाकघरात येऊन तुम्हाला म्हणाले, “अध्यक्ष तर बाई हायत की. मालकांचं नाव कसं काय लिहिलं?” तुमच्या हातातला घास तसाच राहिला. “हापिसातनं चिट्टी आली तसं लिवलं. तू लई शाणी झालीस!” एवढं बोलून तुम्ही ताटावरून उठलात. दोन दिवसांनी मालकांनी खूश होऊन तुम्हाला शर्टाचं कापड पाठवलं, आणि तुम्ही ते घेतलंत. मला फार लाज वाटली, अण्णा. पुढं कितीतरी वर्षांनी, सोलापूरच्या दवाखान्यात, तुम्ही छताकडं बघत म्हणालात, “चिट्टीत बाईंचंच नाव होतं. हात माजाच चुकला. सगळी त्यास्नी अध्यक्ष म्हणायची, ब्रशबी तसाच चालला.” मी सलाईनकडं बघत बसले. तुम्हाला वाटलं असेल मी माफ केलं. केलं नव्हतं. चूक कळूनही कापडासाठी गप्प बसलेला माणूस, हेच माझ्या डोक्यात पक्कं होतं.

नव्या फलकासाठी आलेल्या यादीत अर्थातच मालकांचंच नाव होतं. जुन्या फलकावरून उतरवलेलं. कारकुनाला फोन केला. तो म्हणाला, “मॅडम, बाईंचा निवडीचा कागद आणा, बदलतो.” टेंभुर्णीला एसटी बदलून गावी गेले. बाई आता खूप थकल्यात, मालक जाऊन चार वर्षं झाली. पेंटरची मुलगी म्हटल्यावर त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. मी तुमची चूक सांगायला लागले, तर त्यांनी हात वर करून थांबवलं. “मला सांगतीस व्हय? आले हुते की तुजे वडील. आटवड्याच्या आतच. डबा-ब्रश घिऊन, काकंत ती कापड. म्हणाले, बाई, कापड परत घ्या, मी आत्ता जाऊन तुमचं नाव लिवतो. मीच नको म्हणलं. नाव माजं लागलं असतं, पन घरात रोजची कटकट कुणी सोसायची? कापड परत केलं तर ह्यांनी इचारलं असतं का म्हणून. म्हणलं, ठिवून द्या, आन कुनाला बोलू नका. न्हाय बोलले. लई भला मानूस.”

ते कापड तुमच्या पेटीत घडीसुद्धा न मोडलेलं सापडलं होतं. मला वाटलं होतं, चिकटपणा. बाईंच्या ओसरीवर बसून मी मोठ्यानं रडले, आणि रडता रडता इतकं हलकं वाटलं की मला हसूच यायला लागलं. त्यांनी सुनेला हाक न मारता स्वतः उठून कपाटातून निवडीचा कागद काढला. “आता लिव,” म्हणाल्या. कारकुनानं कागद पाहून यादी दुरुस्त करून दिली. काल फलक तयार झाला. बाकी सगळी नावं मशीनवर कापली. अकरावं तेवढं तुमच्या ब्रशनं हातानं लिहिलं. एक काना जरा तिरका गेलाय. राहू दे.

हे पत्र तुमच्या ब्रशांच्या डब्यात ठेवणार आहे, दुसरीकडं पाठवणार तरी कुठं? फक्त एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी बाईंच्या ओसरीवर असताना घरून नवऱ्याचा फोन आला, कुठं आहेस म्हणून. मी डोळे पुसत म्हणाले, “अध्यक्षांच्या बायकोकडं आलेय.” समोर बाई बसल्या होत्या, मांडीवर निवडीचा कागद. नुसत्या हसल्या.