पाटी सरकली, मी नाही

बाल्टिकच्या काठावरून,
जुलैचा दुसरा मंगळवार, दुपार
(नक्की किती वाजले ते सांगत नाही. घड्याळ बुटात आहे, बूट हातभर लांब आहे, आणि उठायचा कंटाळा आलाय.)

ती. लिस्बेतताईस,

धाकट्या ओट्मारचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे नुसतं रिवाज म्हणून लिहीत नाही. मी आत्ता वाळूत पालथा पडलोय, आठही अंगं जमिनीला टेकलेली आहेत आणि आठांत मिळून वस्त्र म्हणशील तर एक गवती टोपी.) तुझा गुडघा कसा आहे? कोबीची पानं बांधतेस, की यंदाही ‘पानांनी काय होतंय’ म्हणून त्यांची भाजी करून खाल्लीस? माझी सर्दी बरी आहे. देवळाच्या मनोऱ्यातलं घड्याळ पाच मिनिटं मागे पडत असेल तर पडू दे, पाद्रीबाबांना शिडीवर चढू देऊ नकोस. मागच्या वेळी ते चढले आणि आपल्या गावात आठवडाभर पावणेचारच वाजत होते.

तू म्हणशील, सहासष्ट वर्षांचा घोडा, निम्मं आयुष्य देवाच्या मनोऱ्यांतल्या घड्याळांना तेल घालण्यात गेलं, आणि दर उन्हाळ्यात हा उघडा पडायला समुद्रावर पळतो. म्हण. तीस वर्षं म्हणतेस, मी तीस वर्षं ऐकतो. पण यंदा मी उघडा पडायला आलेलो नाही (तेही केलं, आलोच आहे तर), यंदा मी एक गोष्ट विचारायला आलोय. तुला इर्मेलाबद्दल मी कधी धड सांगितलं नाही. एकोणीस उन्हाळे आम्ही त्याच वाकड्या पाईनच्या झाडाखाली, त्याच आठवड्यात पडलेलो असतो. आधी तिचा नवरा होता, माझी एडेलगार्ड होती, चौघं मिळून पत्ते कुटायचो. मग तिचा नवरा गेला, मग एडेलगार्ड गेली, आणि पत्ते दोघांत खेळता येईनात म्हणून आम्ही समुद्राकडे बघत बसायला लागलो. तिचं आडनाव मला ठाऊक नाही. गाव नाही, काम नाही. इथली रीतच आहे, वाळूवर आलं की कुणी कुणाला ‘आपण काय करता’ म्हणून विचारत नाही, कपड्यांबरोबर ते सगळं पिशवीत जातं. गेल्या वर्षी निघताना ती म्हणाली, “ओट्मार, हिवाळ्यात तू काय करतोस रे?” आणि मी, ताई, मी मूर्खाने तिला थंडीत घड्याळाचं तेल कसं गोठतं ते पाऊण तास समजावून सांगितलं! बोट सुटल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. ती तेलाची चौकशी करत नव्हती. मग अख्खा हिवाळा मी स्वतःच्या थोबाडीत मारून घेत काढला. पत्र पाठवावं तर पत्ता कुणाकडे आहे? यंदा ती भेटली नाही तर संपलं, देशभर ‘इर्मेला’ म्हणून हाका मारत हिंडायचं.

तर मी निघालो. तू सांगितलंस म्हणून दाढी काढली (वीस वर्षांची होती, आरशात कुणी तिऱ्हाईत पाहुणा बसलाय असं वाटतं), टाय लावला, तू विणलेली तपकिरी लोकरीची पोहायची चड्डी सगळ्यात वर ठेवली. वाऱ्याची कनात, तिच्या चार काठ्या, बटाट्याच्या कोशिंबिरीची बरणी, एवढं घेऊन बर्लिनला गाडी बदलली. डब्यात समोर एक बाई. काय सांगू! राखाडी रेनकोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, हातमोजे, डोक्यावर निळी टोपी, मांडीवर काकडीच्या लोणच्याची बरणी, आणि मी खिडकी दोन बोटं उघडली तोच, “वारा लागतो!” तुला ठाऊक आहे, आपल्या देशात माणसं बॉम्बवर्षावातून वाचली पण खिडकीच्या वाऱ्याने मरतात अशी सगळ्यांची खात्री आहे. मी म्हटलं, बाई, जुलै आहे. ती म्हणाली, जुलैतला वाईट असतो. मी उघडली, तिने लावली. मी उघडली, तिने लावली. तिसऱ्यांदा उठताना माझ्या कनातीची काठी फळीवरून घसरली आणि थेट तिच्या टोपीवर. टोपीला ही एवढी खळगी पडली. “तुम्ही कुठल्या सर्कशीतून आलात हो?” म्हणून तिने मला जे सोलून काढलं, ते इथे लिहीत नाही, पत्र टपालवाले हाताळतात.

पासेवाल्क स्टेशनपर्यंत आम्ही एकमेकांची तोंडं पाहिली नाहीत. बाहेर राय धान्याची शेतं पिकलेली, त्यांवर ती दुपारची झोपाळू पिवळी धूळ, तारांवर बगळ्यासारखं काहीतरी बसलेलं, गाडी पण पेंगत चालल्यासारखी. मी घड्याळ काढून कानाला लावलं, “बरी आहेस ना गं बाई” म्हणून नेहमीसारखं विचारलं आणि परत खिशात ठेवलं. तेवढ्यात समोरून एकदम मऊ आवाज आला, एवढ्या लांब कुठे निघालात म्हणून. मला वाटलं, आता हिला जरा हादरा द्यावा. म्हटलं, मी नागड्यांच्या किनाऱ्यावर निघालोय. बाई हलली नाही. मग मला चेव आला. म्हटलं, तिथे एक बाई माझी वाट बघते, आणि ती तुमच्यासारखी वाऱ्याला घाबरणारी नाही. एवढ्यावर थांबायचं की नाही? पण ताई, जीभ सुटली ती सुटलीच. ती पाण्यात शिरताना आधी फक्त एक पाय कसा बुडवते आणि समुद्रावरच रागावते. काकडी अर्धी मोडून मोठा तुकडा मला देते आणि ‘लहान मलाच आवडतो’ म्हणून धडधडीत खोटं बोलते. एडेलगार्ड गेल्यावरच्या उन्हाळ्यात ती माझ्याशी आठवडाभर एक शब्द बोलली नाही, नुसती रोज सकाळी माझी कनात ठोकून द्यायची. आणि यंदा विचारलं नाही तर मी पुढचा हिवाळा काढू शकणार नाही, हेसुद्धा बोलून गेलो. कुणाला? तर त्या राखाडी रेनकोटाला! बाई खिडकीकडे तोंड करून बसली होती आणि रुमालाने डोळे टिपत होती. मला वाटलं, खरंच वारा बाधला बिचारीला. मी आपणहून उठून खिडकी लावली.

स्ट्रालझुंडला गाडी सोडून बोटीने बेटावर उतरल्यावर ती घोडागाडीत बसून गेली, मी पायी. वाकडा पाईन जागच्या जागी होता. मी कनात ठोकली, कपडे घडी केले, घड्याळ बुटात, चष्मा घड्याळाजवळ. (चष्मा मी इथे पहिल्या दिवसापासून काढून ठेवतो. उघड्या माणसांत चष्मा लावून बसणं बरं दिसत नाही, लोकांना वाटतं हा वाचतोय. त्यामुळे एकोणीस वर्षांत इर्मेला माझ्या ओळखीची आहे ती एक भुरकट, गव्हाळ, हसरा ढग म्हणून, आणि लाटांच्या वरताण ओरडून बोलणारा एक आवाज म्हणून.) ऊन उतरलं होतं. समुद्र दुधावर साय धरावी तसा गप्प. पाईनचा वास, लांब कुठेतरी एक बोट टकटक करत होती, ती टकटक हळूहळू माझ्या दुकानातली झाली, एडेलगार्ड आतून म्हणाली, “अहो, सगळी घड्याळं वेगवेगळं वाजतायत,” मी म्हटलं, वाजू देत, घाई कुणाला आहे. असा डोळा लागला.

जागा झालो तो आजूबाजूला कपडे! रंगीबेरंगी ढग, सगळे झाकलेले, आणि सगळे माझ्याकडे पाठ करून बसलेले. किनाऱ्याचा रखवालदार डोक्याशी उभा. “आजोबा, पाटी बघितली नाही का? उघड्यांची हद्द तिकडे गेली, तीनशे पावलं.” म्हटलं, बाबा रे, मी एकोणीस वर्षं इथेच आहे, पाटी सरकली, मी नाही. तो म्हणाला, बर्लिनची भिंत पडल्यापासून पश्चिमेकडचे पाहुणे येतात, त्यांना सवय नाही. म्हणजे देश एक झाला आणि वाळू दोन झाली! वाद नको म्हणून मी तुझी चड्डी चढवली आणि अब्रूने पाण्यात शिरलो, म्हटलं पाण्यातून तिकडे जावं. ताई, तुझ्या हाताला गुण आहे, पण लोकरीला समुद्र कळत नाही. चड्डीने दहा पावलांत अर्धा बाल्टिक पिऊन टाकला आणि ती गुडघ्यावर आली. ती सावरायला वाकलो तर लाट आली, आणि लाट गेली तेव्हा ती एकटी नव्हती.

मग काय, हनुवटीपर्यंत पाणी धरून मी तीनशे पावलं चाललो. तुला सांगू? इतकं छान मी कधीच चाललो नव्हतो. डोकं तेवढं उन्हात, खाली अंग आहे की नाही याचा पत्ता नाही, आकाश आणि पाणी यांच्यात शिवण दिसत नाही. मरण असं असेल तर घाबरायचं कारण नाही, असं एकदा मनात आलं, आणि लगेच आलं की नको, अजून नको, मला एक विचारायचं आहे. नेमकं तेव्हा समोरून पाण्यातून दुसरं एक डोकं येताना दिसलं. त्याने काठीवर काहीतरी तपकिरी उचलून धरलं होतं आणि ते डोकं ओरडत होतं, “ओट्मार! ही बया तुझीच का रे?” ती जुन्या झाडाकडे मला शोधायला निघाली होती, मी तिच्याकडे. आम्ही मधोमध भेटलो. मला रडू फुटलं, पण तिथे आधीच एवढं खारं पाणी होतं की कुणाला कळलं नाही. वर्षभर घोकलेलं वाक्य तोंडाशी आलं आणि मी म्हणालो, “यंदा पाणी गार आहे, नाही?”

ती म्हणाली, “गारच असतं ते.”

पुढचं ऐक. माझं सामान राहिलं पलीकडे, कपडेवाल्यांत. इर्मेला म्हणाली, तू बस, मी घेऊन येते, आणि हद्द ओलांडायची म्हणून कपडे करून गेली. परत आली ती माझं सगळं बोचकं, बूट, काठ्या उचलून. चष्मा माझ्या हातात दिला. मी लावला, आणि समोर उभा राखाडी रेनकोट! गळ्यापर्यंत बटणं! निळी टोपी, तिला खळगी! मी चष्मा काढला, इर्मेला. लावला, सर्कस म्हणणारी बाई. काढला, इर्मेला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं, पण वाळू दुभंगत नाही, नुसती सरकते.

तिने मला ओळखलेलं नाही. कसं ओळखणार? दाढी नाही, टाय, चष्मा, सर्दीचा बसका आवाज. (इथेही दाढी नाही, पण उघडा म्हणजे तिच्या लेखी मी मीच.) उलट काल संध्याकाळी कोशिंबीर खाताना तिने मलाच सगळं रंगवून सांगितलं, गाडीत एक खडूस म्हातारा भेटला, खिडकीसाठी भांडला, टोपी चेपली, वर कुठल्याशा बाईचं गुणगान करत बसला. “असे पुरुष घरी कसे वागत असतील रे?” म्हणाली. मी म्हटलं, वाईटच वागत असणार. आणि ती मला टोपीची खळगी दाखवत असताना मी पायाने कनातीची काठी वाळूत पुरत होतो.

तर माझी ही दशा आहे. आधी कबूल करावं तर ती उठून जाईल, आणि यंदा गेली की मग आडनाव नाही, पत्ता नाही. आधी विचारावं तर फसवून विचारल्यासारखं होतं. शनिवारची तिची बोट आहे. आत्ता ती शेजारी तोंडावर टोपी घेऊन झोपलीय (तीच टोपी), वाऱ्याने रेनकोटाची बाही हलतेय, आणि मी घड्याळ कानाला लावून बसावं तसा तिचा श्वास ऐकतोय. तू मोठी आहेस, शहाणी आहेस. काय करू ते उलट टपाली कळव. गुडघ्याला जप.

तुझा,
ओट्मार

ता. क. : कै. गॉटफ्रीड भावोजींचा काळा सूट तुझ्या कपाटात नुसताच लटकलाय. सहज विचारतो. माझ्या मापाचा आहे, बाही तेवढी दोन बोटं लांब होते. उन्हाळ्यात कसर लागते कपड्यांना, म्हणून म्हटलं.

ता. क. २ : राहू दे, सूट पाठवू नकोस. माझ्याच्याने विचारवणार नाही. सूट फुकट प्रवास करेल. चड्डी मिळाली, पण आता ती इथल्या रखवालदाराच्या कुत्र्याला स्वेटर म्हणून होईल एवढी आटली आहे. मलाही झोप येतेय. पाकीट उठल्यावर चिकटवतो.

ता. क. ३ (अक्षर वेगळं आहे, घाबरू नका) : वन्सं, नमस्कार. तुम्हाला वन्सं म्हणायची आत्तापासून सवय करते. हे पत्र तुमच्या भावाच्या नाकाखालून काढलं, तो घोरतोय. तीस वर्षं मी टपालखात्यात पत्रं निवडली, दुसऱ्याचं पत्र कधी वाचलं नाही, हे पहिलं. मी त्याला पासेवाल्कलाच ओळखलं. घड्याळाला ‘बरी आहेस ना गं बाई’ विचारणारा जगात एकच माणूस आहे. बोलले नाही, कारण एकोणीस उन्हाळ्यांत जे मला बोलला नाही, ते तो त्या रेनकोटवाल्या बाईला सांगत होता. मध्येच कसं थांबवू? स्ट्रालझुंड स्टेशन येऊच नये असं वाटत होतं. आता शुक्रवारपर्यंत त्याला तसाच तळमळू द्या, टोपीची भरपाई म्हणून, शनिवारी मीच विचारीन. माझा पत्ता पाकिटामागे लिहिलाय. एकोणीस वर्षं दिला नाही, कारण कुणी मागितलाच नाही. सूट नक्की पाठवा, नोंदणी कचेरीत कपड्यांचा फार आग्रह धरतात म्हणे. बाही मी वर घेईन. मी तीच निळी टोपी घालणार आहे, खळगी आहे तशी ठेवून. नाहीतर यजमान मला ओळखायचे नाहीत.