मोटारीची नोंद रद्द केल्याबद्दल

काराकोल,
१८ सप्टेंबर

चिरंजीव एल्दियार यास बाबांचे अनेक आशीर्वाद.

आम्ही इथे ठीक आहोत. आईचा गुडघा आता तिच्याइतकाच बोलका झालाय. यंदा सफरचंदं इतकी लगडलीत की फांद्यांना टेकू द्यावे लागले. शेजारच्या मुकाशची घोडी व्याली. शिंगराला नाव काय ठेवू म्हणून तो रोज डोकं खातो.

तू म्हणशील, फोन असताना म्हातारा पत्र का लिहितोय. फोनवर मला खोटं बोलता येतं, बाळा. कागदावर जमत नाही. एकतीस वर्षं मोटारींच्या नोंदणी कार्यालयात काढली, एक अक्षर खोटं लिहिलं नाही.

तर मोटारीचं. मे महिन्यात तू ती आपल्या अंगणात ठेवून बसनं सीमेपलीकडे आल्माटीला परत गेलास. तिकडे ती तुझ्या नावानं नोंदवायची तर आधी इथली माझ्या नावाची नोंद रद्द व्हायला हवी. दोन आठवड्यांत करून देतो म्हणालो. मग म्हणालो, चासी नंबर जुळत नाही. मग फाईल राजधानीत, बिश्केकला गेली. जुलैत साहेब रजेवर, ऑगस्टमध्ये शिक्का हरवला. दर वेळी तू म्हणालास, "बरं बाबा, तुम्हाला त्यातलं जास्त कळतं."

नंबर पहिल्याच दिवशी जुळला होता. मीच चिखल पुसून पाहिला. फाईल कुठेही गेली नव्हती. ती घरातच होती, आईच्या शिवणयंत्राखाली. मी ती कार्यालयात नेलीच नाही.

मोटार इथे आहे तोवर तिला न्यायला तुला यावं लागेल, एवढंच डोक्यात होतं. आपल्यात धाकट्यानं आईबापाजवळ राहायचं, घर त्याचं, चूल त्याची. थोरले दोघे गेले तेव्हा मला काही वाटलं नाही, कारण तू होतास. मग तूही गेलास. गावात कोणी विचारलं, "धाकटा कधी येतोय?" की मी मोटारीकडे बोट दाखवायचो. मुकाश तर म्हणाला, "साबिरबेक, माझी कोंबडी तुझ्या मोटारीखाली खुडूक बसलीय. मोटारीचं राहू दे, निदान तिची तरी नोंद कर!" सगळे हसले. मीही हसलो.

गेल्या आठवड्यात सूनबाईचा फोन आला. तक्रार नव्हती तिची. म्हणाली, "बाबा, हे बाजारात पोती उतरवतात. पाठ धरते, मी शेकून देते. ह्या महिनाअखेर मुदत संपतेय, मग बाहेरच्या मोटारी इथे नोंदवून घेणार नाहीत. शिक्का सापडला का हो?"

मोटार चालवून पोट भरणाऱ्या पोराला मी चार महिने पोती उचलायला लावली. फोन ठेवला तर आई दारात उभी. म्हणाली, "शिक्का ना? माझ्या शिवणयंत्राखाली बघा." तिला सगळं ठाऊक होतं. आणि तीही गप्प राहिली होती, हे मी तुला सांगतोय ते तिला सांगू नकोस.

काल मोटार घेऊन कार्यालयात गेलो. खिडकीत चोल्पोन होती. तिला हे काम मीच शिकवलं. म्हणाली, "गुरुजी, मे महिन्यात येतो म्हणालात, तेव्हापासून वाट बघतेय! मला वाटलं पत्ता विसरलात." तासाभराचं काम. फक्त एका रकान्यात अडलो. नोंद रद्द करण्याचं कारण. तिथे लिहायचं असतं, 'कायमची देशाबाहेर.' लोकांच्या शेकडो अर्जांवर हे शब्द मी चहा पिता पिता लिहिलेत. काल हात उचलेना. चोल्पोन हळूच म्हणाली, "मी लिहू का?" म्हटलं, नको पोरी. माझं मीच लिहितो.

शनिवारी मुकाश मोटार घेऊन तुझ्याकडे निघतोय, हे पत्रही त्याच्याजवळच देतोय. तात्पुरती नंबरपाटी दहा दिवस चालेल. पिशवीत नोंद रद्द झाल्याचा दाखला आणि तुझ्या नावाचं बक्षीसपत्र आहे. इंजिन नंबरचा कागद वर ठेवलाय, सीमेवर तो आधी मागतात. डिकीत सफरचंदं आहेत. सोमवारी सकाळीच तिकडच्या नोंदणीच्या रांगेत उभा राहा, उशीर करू नकोस.

तुला इकडे यायची गरज उरलेली नाही. हे एक वाक्य लिहायला मला चार महिने लागले.

रागावलास तर रागाव, तुझा हक्कच आहे. मला माफ कर, एल्दियार. तुझी फार आठवण येते, हे सरळ सांगायचं सोडून मी चासी नंबर सांगत बसलो. मोटार कायमची गेली, हे मी माझ्या हातानं लिहून दिलंय. तुझ्याबद्दल असं कोणी लिहून मागितलं, तर मी सही करणार नाही.

तुला बोलवायला ज्याच्याजवळ आता एकही कारण नाही, असा,
तुझा बाप
साबिरबेक