मांडीला शिवलेलं दुपटं

आई, उद्या सकाळच्या एसटीनं मी लेकीला बाळंतपणासाठी आणायला निघाले आहे, आणि पिशवी भरता भरता हात थांबले म्हणून तुला लिहायला बसले. तू असतीस तर ओरडली असतीस, लिहीत काय बसलीस, आधी सुईत दोरा ओवून ठेव. तू कुठंही निघालीस की पिशवीत भाकरीच्या वर शिवणाचं काम असायचंच. मोठी गोधडी गाडीत मावायची नाही, म्हणून प्रवासाला उशीचा अभ्रा नाहीतर लहान मुलाचं दुपटं. रस्ता खराब लागला की सुई अंबाड्यात खोचायची, सपाट लागला की पुन्हा टाके सुरू. सगळी गाडी बघायची आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

तू मला वेल्ह्याच्या पलीकडून, सासरहून न्यायला आलीस तो दिवस मात्र माझ्या अंगातून अजून जात नाही. माझं पहिलं पोटातच गेलं होतं. या खेपेला घरात कुणी बाळाचा विषयसुद्धा काढत नव्हतं. मूल हातात येईपर्यंत त्याच्यासाठी काही शिवायचं नाही ही आपल्याकडची रीत, आणि तू सासूबाईंच्या समोर पिशवीतून दुपटं काढलंस. त्यांचा चेहरा उतरला. "कुनाचं वो?" "शेजारनीच्या नातवाचं," तू म्हणालीस. शेजारणीला नातू नव्हता. तुझ्या जुन्या हिरव्या लुगड्याचा काठ मी ओळखला; दुपटं माझ्याच बाळाचं होतं.

आपण दोघी माहेरी निघालोय, नसरापूर अजून लांब आहे आणि एसटी मध्येच बंद पडते. ड्रायव्हर बॉनेट उघडून बघतोय, आणि माझ्या कमरेत कळ येते. दिवस भरलेले नाहीत. "आये, दुखतंय गं." तू शिवतेच आहेस. "हादऱ्यानं व्हतंय. गप पडून ऱ्हा." "तुला भ्या न्हाई वाटत?" "मला कशाचं भ्या?" तुझी सुई भराभर चालली होती. इतका राग आला मला तुझा! मग माझी किंकाळी ऐकून कंडक्टर ओरडला, "बापय मान्सं समदी खाली उतरा!" मागच्या बाकावरून एक म्हातारी पुढं आली, गावातली बाळंतपणं तीच करायची. तू काम बाजूला सरकवून माझं डोकं मांडीशी धरलंस.

मुलगी झाली आणि रडली नाही. म्हातारी तिची पाठ चोळतेय, तळव्यांना टिचक्या मारतेय, आणि मला वाटतंय, दुपट्यानं घात केला, हेही गेलं. कितीतरी वेळानं बारीकसा आवाज आला. "पांगराय द्या कायतरी," म्हातारी म्हणाली. तू दुपटं उचललंस, तर तुझं लुगडंच त्याच्याबरोबर वर आलं. मांडीवर धरून शिवता शिवता दुपट्याची एक आख्खी कड तू स्वतःच्या लुगड्याला शिवून टाकली होतीस. "तोडा की दोरा," म्हातारी म्हणाली. तू दोरा दातांत धरलास, पण दातच इतके वाजत होते की तो तुटेना. तेव्हा मला कळलं की तू माझ्याहून जास्त भ्यायली होतीस. मग तू लेकराला तसंच दुपट्यात गुंडाळलंस. "ऱ्हाऊ द्या आसंच. आता कुटं जाती बगू." नसरापूरच्या दवाखान्यात नर्सनं कात्रीनं टाके कापेपर्यंत माझी पोर तुझ्या मांडीला शिवलेली होती.

त्यानंतर प्रवासात तू मांडीवर जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा ठेवायला लागलीस, त्यावर काम धरून शिवायचं, म्हणजे टाका लुगड्यात जायचा नाही. ती सवय मलाही लावलीस. तुझी ती नात आता सातव्या महिन्यात आहे, आणि तिचंही पहिलं राहिलं नाही. फोनवर आवाज नेहमीसारखाच ठेवते, पण मी आई आहे, मला कळतं. तुझ्या निळ्या लुगड्याचं दुपटं मी अर्धं शिवलंय. कुणी विचारलं तर सांगेन, शेजारणीच्या नातवाचं. मला फार भीती वाटते, आई. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते ठाऊक नाही, म्हणून फडताळात तुझ्या फोटोमागं सारते आहे. पुठ्ठाही तिथंच ठेवलाय. उद्या तो बरोबर नेणार नाही.