मेयोनीज फुटलं तेव्हा

सूनबाई,

अक्षर वाकडं आलंय, कारण मी हादरलोय. घोटायचं काम माझ्यावर सोपवून तू बाहेर पडलीस आणि थेंबथेंब घालायचं तेल मी भसकन ओतलं. मेयोनीज फुटलं, तेल वेगळं, व्हिनेगर वेगळं. हॉटेलची ऑर्डर बुडाली म्हणून कपाळाला हात लावून बसलो.

तेवढ्यात, तुझा धंदा सुरू झाल्यापासून स्वयंपाकघराशी कट्टी घेतलेल्या तुझ्या सासूबाई आल्या.

"व्हा बाजूला, लेखणीबहाद्दर!"

त्यांनी अंड्याचा नवा बलक घेतला, त्यात ते फुटकं मिश्रण थेंबाथेंबाने घोटलं. घट्ट मिळून आलं!

"कुठे शिकलीस?"

"ती करते ते दारातून दिसतं."

ही चिठ्ठी दाराच्या कडीला अडकवतोय, किल्ली शेजारी ठेवलीय. बरण्या घेऊन त्या स्वतः हॉटेलात निघाल्यात. "आमच्या सुनेचं आहे" असं सांगणार म्हणे. ते कानांनी ऐकायला मी मागोमाग पळतोय.

बाबा